तांबडं पाणी, काळा चिखल

१. काडीची परीक्षा

जुलैच्या अखेरीस अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी भागातल्या बांध्यांमध्ये रोवणी आटोपत आलेली असते. पावसानं चार दिवस उघडीप दिली की धुऱ्याकडेला साचलेल्या पाण्यावर एक पातळ तवंग दिसू लागतो. निळसर, जांभळा, मध्येच सोनेरी. पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती डिझेलची. चिखलणीला आलेल्या ट्रॅक्टरमधून तेल सांडलं की काय?

याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. धुऱ्यावरची एक वाळकी काडी घ्यावी आणि तवंगातून सावकाश ओढावी. तेल असेल तर काडी पुढे सरकताच मागचा तवंग पुन्हा जुळून येतो. पण बांधीतला तवंग बहुतेक वेळा तसा जुळत नाही. तडकलेल्या काचेसारखे त्याचे तुकडे होतात आणि ते वेगवेगळेच तरंगत राहतात. तो तेलाचा नसतो, गंजाचा असतो. हा थर इतका पातळ असतो की साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात तसेच त्याच्यावरही खेळतात.

याच मुलखात आणखी दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. हातपंपावरून भरून आणलं तेव्हा पाणी नितळ होतं, मग सकाळी हंड्याच्या तळाशी तांबडा साका कुठून आला? आणि तलावातून काढलेला गाळ काळाकुट्ट असतो, तो बांधावर वाळला की भुरका कसा होतो?

या तिन्ही प्रश्नांमागे एकच गोष्ट आहे: पाण्यातले जिवाणू आणि मातीतली खनिजं यांच्यात अखंड चाललेली देवाणघेवाण. ती पाहायला गोंदियासारखी जागा नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. शिवाय कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले हजारभराहून अधिक लहानमोठे तलाव आहेत, आज त्यांना माजी मालगुजारी किंवा नुसतं ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्या जोडीला शेताशेतातल्या बोड्या. अर्धं वर्ष जमीन पाण्याखाली, अर्धं वर्ष उन्हात. खाली फार जुना खडक आणि जागोजागी लाल मुरूम, म्हणजे लोखंडाला तोटा नाही. अशी ओली-कोरडी, लोखंडानं भरलेली जमीन जिवाणूंना फार मानवते.

२. एका इलेक्ट्रॉनचा फरक

जिवाणूंकडे वळण्याआधी लोखंडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

पृथ्वीच्या कवचात वजनानं शेकडा पाच भाग लोखंड आहे. माती-पाण्यात ते मुख्यतः दोन रूपांत वावरतं. एका रूपात लोखंडाच्या अणूनं आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, त्याला फेरस म्हणतात. दुसऱ्यात तीन गमावलेले असतात, तो फेरिक. फरक एका इलेक्ट्रॉनचा, पण वागणुकीत जमीन-अस्मानाचं अंतर. फेरस लोखंड पाण्यात साखरेसारखं विरघळतं आणि थोड्या प्रमाणात असेल तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. फेरिक लोखंड साध्या पाण्यात विरघळत नाही. त्याचा गंज होतो आणि तो वाळूसारखा तळाशी बसतो.

फेरसला हवेतला ऑक्सिजन भेटला की तो आपला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतो, म्हणजे गंजतो. उलट, गंजाला कुणी एक इलेक्ट्रॉन परत दिला तर तो पुन्हा फेरस होतो आणि पाण्यात विरघळतो. रंगही त्याप्रमाणे बदलतात. गंज तांबडा-पिवळा. फेरस मातीशी मिसळला की निळसर राखाडी. आणि फेरसची गाठ गंधकाशी पडली तर काळा. बांधीच्या मातीचा रंग पाहून ती हवेत आहे की हवेवाचून, हे जाणता शेतकरी ओळखतो तो याच रंगांवरून.

आता प्रश्न उरतो: पाण्याखालच्या गंजाला हा परतीचा इलेक्ट्रॉन देतं कोण?

३. श्वास म्हणजे काय?

श्वास म्हटलं की छातीचा भाता डोळ्यांसमोर येतो. पेशीच्या पातळीवर मात्र श्वासाचा अर्थ वेगळा आहे. अन्न फोडून ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन सुटतात. ते कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय पुढचं अन्न फोडता येत नाही. माणूस, तलावात डुंबणारी म्हैस, पाण्यातला रोहू, सगळे आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या पदरात टाकतात. नाका-कल्ल्यांवाटे आत येणाऱ्या ऑक्सिजनचं मुख्य काम हेच.

चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले काही जिवाणू मग आपले इलेक्ट्रॉन गंजाच्या पदरात टाकतात. म्हणजे ते अक्षरशः गंजावर श्वास घेतात.

हे व्हायला एक मोठी अडचण आहे. ऑक्सिजन विरघळून पेशीच्या आत येतो. गंजाचा कण घट्ट असतो, तो आत घेता येत नाही. म्हणून या जिवाणूंनी इलेक्ट्रॉनच अंगाबाहेर नेण्याची सोय केली आहे. त्यांच्या आवरणात लोखंड धारण करणाऱ्या प्रथिनांची साखळी असते. विहिरीवर माणसं ओळीनं उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत बाहेर पोचतात. काही जातींना तर वीज वाहून नेणारे बारीक तंतू असतात.

हा प्रकार विज्ञानाला नीट समजला तो अलीकडे. अमेरिकेत डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात असा जिवाणू सापडला. त्याच्या गणाला पुढे ‘जिओबॅक्टर’ हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवराच्या गाळातला दुसरा जिवाणू प्रसिद्ध झाला, आज त्याला ‘शेवानेला’ म्हणतात. हा मँगनीजच्या खनिजावर श्वास घेत होता. असे जिवाणू आता जगभरच्या गाळात आणि धानाच्या मातीत आढळले आहेत.

मँगनीजचं नाव निघालं की भंडारा-गोंदियाच्या माणसाला तुमसर आठवतं. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. त्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं आणि ते टॉर्चच्या सेलसाठी वापरतात. सेलमधली काळी पूड ती हीच. सेलचं जस्ताचं डबडं इलेक्ट्रॉन देतं आणि काळी पूड ते घेते. दोघांच्या मधल्या वाटेवर बल्ब ठेवला की उजेड पडतो.

रात्री पाण्याची पाळी आली म्हणून कास्तकार टॉर्च घेऊन बांधीवर जातो, तेव्हा त्याच्या हातातल्या सेलमध्ये जो व्यवहार चालतो, तोच त्याच्या पायाखालच्या चिखलातही चाललेला असतो. तिथे जस्ताच्या जागी कुजणारी धसकटं आणि पालापाचोळा असतो, काळ्या पुडीच्या जागी मातीतलं मँगनीज आणि लोखंड. मधले दलाल जिवाणू. ही नुसती उपमा नाही. बांधीच्या चिखलात एक ग्रॅफाइटची कांडी पुरून आणि दुसरी वरच्या पाण्यात ठेवून संशोधकांनी खरोखर थोडी वीज मिळवली आहे.

४. पाणी साचलं, मग काय झालं?

घरात धान्य असेल तर माणूस आधी चांगलं खातो. एचएमटीचा बारीक तांदूळ आहे तोवर तो शिजतो. तो संपला की जाडा निघतो आणि अगदीच काही उरलं नाही तर कोदो-कुटकीची आठवण येते. चिखलातल्या जिवाणूंचंही असंच आहे. ज्याच्या पदरात इलेक्ट्रॉन टाकल्यावर जास्त ऊर्जा मिळते, तो आधी वापरला जातो.

पहिला मान ऑक्सिजनचा. बांधीत पाणी साचल्यावर मातीतला ऑक्सिजन साधारण एक-दोन दिवसांत संपतो. मग नायट्रेट. जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात तेव्हा त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. पाणथळ धानाला नायट्रेटच्या रूपातलं खत देऊ नये असं कृषितज्ज्ञ सांगतात, त्याचं कारण हे. पैसे खर्चून टाकलेलं खत जिवाणू श्वासाबरोबर उडवून लावतात. त्यानंतर मँगनीज, मग लोखंड, मग गंधकाचे क्षार. हे सगळं संपत आलं की शेवटची पाळी मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची. गोबरगॅसच्या टाकीत जे काम करतात, तेच हे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधीच्या चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात, त्यांत तो मिथेन असतो.

या रांगेत लोखंडाचा वाटा किती मोठा, ते एका हिशेबावरून कळेल.

एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यात १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते झालं ४०० घनमीटर, म्हणजे ४ लाख लिटर. एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे त्या संपूर्ण पाण्यात ऑक्सिजन किती? जेमतेम ३ किलो २०० ग्रॅम.

आता त्याच एकरातली माती. वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर तो ६०० घनमीटर, वजन पावणेआठशे टनांच्या आसपास. जिवाणूंना वापरता येईल असं लोखंड त्यात शेकडा एक भाग जरी धरलं, तरी ते पावणेआठ टन होतं. इलेक्ट्रॉन घेण्याच्या बाबतीत ७ किलो गंजलेलं लोखंड १ किलो ऑक्सिजनच्या बरोबरीचं. म्हणजे मातीतलं हे लोखंड अकराशे किलो ऑक्सिजनचं काम करू शकतं. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या साडेतीनशे पट!

पाण्यात हवेतून नवा ऑक्सिजन येतच असतो, हे खरं. पण पाण्यातून त्याची चाल हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. चिखलाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरपर्यंत तो पोचतो आणि तिथेच संपतो. त्याखालच्या सगळ्या संसाराचा श्वास बराच काळ लोखंडावर चालतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मातीत गंज शिल्लक आहे तोवर मिथेनवाल्यांची पाळी येत नाही. बांधी मध्येच काही दिवस सुकू दिली तर हवा आत शिरते, फेरस पुन्हा गंजतो आणि रांग पहिल्यापासून सुरू होते. हंगामात एक-दोनदा पाणी असं उतरवलं तर मिथेन निम्म्याच्या आसपास कमी होतो, असं अनेक देशांतल्या मोजमापांत दिसलं आहे. हातात पाण्याचं नियंत्रण असेल तरच हे जमतं. इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली ते शक्य असतं, पण आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कोरडवाहू बांधीत आलेलं पाणी सोडून द्या असं सांगणं कुणालाही पटणार नाही, आणि पटूही नये.

५. लोखंडावर पोट भरणारे

आतापर्यंत भेटले ते लोखंडावर श्वास घेणारे. दुसरा कुळाचार अगदी उलटा आहे. या जिवाणूंचं लोखंड हेच अन्न.

चिखलात फेरस झालेलं, विरघळलेलं लोखंड पाण्याबरोबर सरकत सरकत कुठेतरी हवेला भेटतंच. तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी, जिथे बारा महिने थोडा पाझर असतो, तिथे पाहावं. बारीक ओघळात केशरी रंगाचा, कापसासारखा लुसलुशीत गाळ साचलेला दिसतो. बोट लावलं तर बुळबुळीत. अनेकांना ते कुजलेलं शेवाळ वाटतं. ती लोहजिवाणूंची वस्ती असते.

फेरसचा फेरिक होताना थोडी ऊर्जा सुटते आणि तिच्यावर काही लोहजिवाणू गुजराण करतात. ती इतकी तुटपुंजी असते की पोट भरण्यापुरतं मिळवायला ढिगानं लोखंड गंजवावं लागतं. त्यामुळे जिवाणू एवढासा आणि त्यानं टाकलेला गंज त्याच्या कित्येक पट. सूक्ष्मदर्शकाखाली हा केशरी गाळ फार सुंदर दिसतो. ‘लेप्टोथ्रिक्स’ नावाचा जिवाणू आपल्याभोवती गंजाची नळी बांधतो आणि पुढे ती सोडून निघून जातो, म्हणून बहुतेक नळ्या रिकाम्या आढळतात. ‘गॅलिओनेला’ हा घेवड्याच्या दाण्यासारखा, आणि त्याच्या अंगातून पिळलेल्या सुतळीसारखा गंजाचा दोर निघत असतो. ही पिळाची सुतळी एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १८३० च्या दशकातच पाहिली होती. पण एखादा जीव लोखंडापासून ऊर्जा मिळवतो, ही कल्पना मांडली ती सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन संशोधकानं, १८८८ मध्ये. गंधक आणि लोखंडासारख्या निर्जीव वस्तूंवर जीव जगू शकतात, हे तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

या जिवाणूंची राहण्याची जागा फार अरुंद असते. भरपूर ऑक्सिजन असलेल्या साध्या पाण्यात लोखंड जिवाणूंची वाट न पाहता काही मिनिटांत आपोआप गंजतं, आणि ऑक्सिजन अजिबात नसेल तर ते गंजतच नाही. दोन्हीच्या मधली, ऑक्सिजन अगदी विरळ असलेली जागाच त्यांना सोसते. पाझराचं तोंड, विहिरीची कड, बोअरच्या जाळीची छिद्रं, मुळांची साल.

६. मुळांभोवतीचा गंज

रोवणीच्या वेळी उपटलेल्या पऱ्ह्यांची मुळं पांढरी असतात. महिन्याभरानं त्याच बांधीतलं धानाचं एक चूड उपटून धुऊन पाहिलं तर मुळांवर तांबूस लेप दिसतो. हा रोग नव्हे. उलट मुळं जिती आणि धडधाकट असल्याची ती खूण आहे.

धानाच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून ऑक्सिजन त्या वाटेनं मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो. बाहेरच्या चिखलात फेरस लोखंड तयारच असतं. ते गंजून मुळावर बसतं. मुळाच्या भोवती, केसभर अंतरात, लोखंड खाणारे आणि लोखंडावर श्वास घेणारे असे दोन्ही जिवाणू शेजार करून राहतात. एकानं गंज चढवायचा, दुसऱ्यानं विरघळवायचा. मुळं काळी पडली आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र समजावं की गंधकावर श्वास घेणाऱ्यांचा जोर झाला आहे आणि मुळांचा ऑक्सिजन कमी पडतो आहे.

गंजाला आणखी एक सवय आहे, ती शेतकऱ्याच्या खिशाशी संबंधित आहे. गंजाच्या कणाला स्फुरद चिकटतो, तोही घट्ट. लाल जमिनीत कितीही सुपर फॉस्फेट टाकलं तरी त्यातला बराच भाग पिकाला मिळत नाही, तो असा अडकतो. बांधीत पाणी साचलं आणि जिवाणूंनी गंज विरघळवला की त्याला चिकटलेला स्फुरदही सुटतो आणि धानाला मिळतो. त्यामुळे पाणी साचलेल्या धानाला बाहेरून द्यावा लागणारा स्फुरद अनेकदा कोरडवाहू पिकापेक्षा कमी पुरतो. दिवाळीच्या सुमारास बांधी सुकते, लोखंड पुन्हा गंजतं आणि उरलेला स्फुरद पुन्हा कुलुपात जातो. त्याच बांधीत मागून येणाऱ्या लाखोळी-हरभऱ्याला मग तो तितक्या सहज मिळत नाही. बांधी तीच, माती तीच. कुलूप उघडं की बंद, हे जिवाणूंवर ठरतं.

७. तलावाचा तळ

जे बांधीत, तेच तलावात, फक्त खोली अधिक. भरल्या तलावाच्या तळाशी पालापाचोळा, मेलेल्या वनस्पती आणि वाहून आलेली माती साचते. तळावरच्या पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर गाळाच्या पृष्ठभागावर गंजाची एक पातळ साय असते आणि शेतांतून वाहून आलेला स्फुरद ती धरून ठेवते. तळाचा ऑक्सिजन संपला की ही साय विरघळते. स्फुरद पाण्यात सुटतो आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं. एकदा हे चक्र सुरू झालं की पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवेसाठी तडफडताना दिसतात. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ही खूण चांगली ओळखीची आहे.

यावरचा जुना उपाय उन्हाळ्यातला होता. तलाव आटला की गाळ उन्हात पडायचा, भेगाळायचा, हवा आत शिरायची. गाळातला काळा रंग म्हणजे लोखंड आणि गंधक यांची संगत. हवा लागली की गंधक वेगळं होतं, लोखंड गंजतं आणि गाळ भुरका होतो. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. मग तो गाळ बंड्यांमध्ये भरून शेतात जायचा आणि त्याच्याबरोबर गंजाला चिकटलेला स्फुरदही. पावसानं शेतातून नेलेलं उन्हाळ्यात शेताला परत मिळायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढण्याची गावकीची ही रीत ठिकठिकाणी मोडली. २०१७ मध्ये राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिनं या जुन्या व्यवहाराला पुन्हा वाट करून दिली. मात्र यंत्रानं गाळ उपसताना तळाची घट्ट चिकणमाती खरवडली गेली तर तलाव पाणी धरायचा नाही, याचं भान ठेवायला हवं.

दुसरा उपाय वनस्पतींचा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायकांबरोबर काम करून तलावांमधली बेशरमीची झुडपं काढली आणि तिथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामागचा मुख्य हेतू मासे आणि पक्षी. पण चिखलात मुळं रोवणाऱ्या अनेक पाणवनस्पती धानासारखाच ऑक्सिजन मुळांकडे नेतात, मुळांभोवती गंज चढवतात आणि स्फुरद तळाशी धरून ठेवतात. ढिवरांनी पाण्यात उभं राहून जपलेलं ज्ञान आणि प्रयोगशाळेतलं रसायन इथे एकाच ठिकाणी येऊन पोचतं. अशा कामाला जितकी साथ मिळायला हवी तितकी अजून मिळत नाही.

८. हातपंपाचं पाणी

आता हंड्याच्या तळाशी बसलेला साका.

जमिनीखाली खोलवर ऑक्सिजन नसतो. तिथलं लोखंड फेरस, म्हणून पंपातून येणारं पाणी नितळ. हंड्यात रात्रभर हवा लागते, लोखंड गंजतं, साका बसतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात. लिटरमागे ३ मिलिग्रॅम लोखंड असलेल्या पाण्यानं २०० लिटरचा ड्रम भरला तर त्यात ६०० मिलिग्रॅम लोखंड येतं आणि त्याचा ग्रॅमभर साका होतो. असं पाणी ओळखायची घरगुती खूण म्हणजे चहा. लोखंडाच्या पाण्यातला कोरा चहा काळपट दिसतो. हिरड्याची पूड टाकली तर पाणी शाईसारखं होतं. पूर्वी लिहायची शाई याच मेळातून करत.

पण दोष खडकाचा की पंपाच्या गंजलेल्या पाइपांचा, हे आधी ठरवावं. पहाटे पहिल्या दांड्यांचं पाणी एका भांड्यात घ्यावं. मग पंधरा-वीस मिनिटं पंप मारून दुसऱ्या भांड्यात घ्यावं. पहिलं तांबडं आणि दुसरं दिवसभर नितळच राहिलं, तर पाइप गंजले आहेत. दुसरं नितळ येऊन नंतर तांबडं झालं, तर लोखंड जमिनीतलं आहे. पाइप बदलून ते जाणार नाही.

उपाय साधा आहे. पाण्याला हवा द्यायची आणि गाळायचं. पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतावं, रात्रभर ठेवावं, सकाळी वरचं निवळ पाणी घट्ट विणीच्या कापडातून गाळावं. हातपंपाला जोडायच्या लोखंड काढण्याच्या टाक्या याच तत्त्वावर चालतात: छिद्रांतून पाण्याच्या धारा पडतात, मग खडी आणि वाळू. वाळूवर काही दिवसांत लोहजिवाणू आपोआप वस्ती करतात आणि कामाला हातभार लावतात. हे जिवाणू रोग पसरवणारे नाहीत. ते बोअरची जाळी मात्र बुजवतात, वास आणतात. रोगजंतूंसाठी क्लोरीन वेगळं टाकावं लागतं आणि ते लोखंड काढल्यावर टाकावं, नाहीतर अर्धं क्लोरीन लोखंडच गिळतं.

इथपर्यंत त्रास डागांचा आणि चवीचा. एका बाबतीत मात्र ही देवाणघेवाण जिवावर उठू शकते. गंजाला स्फुरदासारखंच आर्सेनिकही चिकटतं. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकच्या पाण्यानं आजारी पडलेले रुग्ण १९८३ मध्ये ओळखले गेले. पुढे बांगलादेशातही तेच चित्र दिसलं. हिमालयातून आलेल्या गाळात आर्सेनिक गंजाला चिकटून होतं. गंजावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंनी गंज विरघळवला आणि ते विष नलिकाकूपांच्या पाण्यात आलं. बंगालच्या गाळावर प्रयोग करून जिवाणूंचा हा हात मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला. गोंदियाला पूर्वेकडून लागून असलेल्या तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातही चौकी भागातल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे ते मुळात जुन्या ज्वालामुखीच्या खडकांतून येतं.

पलीकडे आहे म्हणून अलीकडेही असेलच, असं नाही. पण आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसतं आणि मर्यादा लिटरमागे अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांवर विसंबून चालत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घेता येतो. ग्रामपंचायतीनं ते नेमानं करावं.

९. बाटलीतली बांधी

शाळेतल्या मुलांना हे सगळं दाखवायला खर्च येत नाही. पारदर्शक बाटली घ्यावी. बांधीचा किंवा बोडीच्या काठचा चिखल दोन तृतीयांश भरावा. त्यात जुन्या वर्तमानपत्राचे बारीक तुकडे मिसळावेत, ते जिवाणूंचं अन्न. वर चार बोटं पाणी घालावं आणि बाटली खिडकीत ठेवून द्यावी.

दोन-तीन आठवड्यांत थर वेगळे होऊ लागतात. सगळ्यात वर काही मिलिमीटरची तांबूस साय, जिथवर ऑक्सिजन पोचतो. तिच्याखाली निळसर राखाडी, तिथला गंज फेरस होऊ लागलेला असतो. अधूनमधून काळे ठिपके, तिथे गंधकवाले कामाला लागलेले. मुलांनी दर आठवड्याला पट्टी लावून थर मोजावेत आणि तारखेसह वहीत चित्र काढावं. उन्हाळ्यात तोच चिखल ताटलीत पसरून वाळवला की काळा आणि राखाडी रंग जाऊन तो पुन्हा भुरका होतो.

एवढं एक लक्षात ठेवावं: बाटलीचं झाकण घट्ट लावू नये, आत वायू तयार होत राहतो.